पाव इंच माया

बचत गटाच्या पेटीतून ३,८०० रुपये काढायला मीच लावले होते. त्यामुळे हे लिहिण्याची जबाबदारीही माझीच.

आमचं गाव वालूर, तालुका सेलू, जिल्हा परभणी. इथली चक्राकार पायऱ्यांची बारव बघायला हल्ली बाहेरची माणसं येतात. तशाच एका पाहुणीने आमच्या भिंतीवर वाळत टाकलेली वाकळ पाहिली आणि विचारलं, "अशा दहा मिळतील का?" फक्त कापड नवं हवं, चौकोन एकसारखे हवेत आणि जोडकाम मशीनवर हवं. माय म्हणाली, "मिळतील की." मी फोन उघडला.

तिथे एक वेगळंच जग होतं. गोल पातं फिरवून कापणारा कटर, त्याखाली अंथरायची हिरवी चटई, पारदर्शक जाड पट्टी, पाव इंचाचा फूट, कापडावर लाल रेघ पाडणारा लेझर. प्रत्येक व्हिडिओचा सूर एकच: हे नसेल तर तुमचे कोपरे जुळणार नाहीत. मी घाबरले आणि लेझर सोडून सगळं मागवलं.

फूट आला तो खटकन बसणारा, नव्या मशीनचा. आमच्या काळ्या मशीनला फूट स्क्रूने आवळावा लागतो, म्हणजे जोडणीचा तुकडा वेगळा घ्या. कटर चटईशिवाय चालत नाही, कारण पातं खालचं लाकूड खातं आणि स्वतःही बोथट होतं. चटई एका दुपारी उन्हात राहिली आणि पापडासारखी वाकली. मराठवाड्याचं ऊन त्या व्हिडिओत नव्हतं.

आणि एवढं करून पहिली वाकळ जुळलीच नाही. नऊ तुकड्यांची एकीची पट्टी बरोबर आली, दुसरीची इंचभर आखूड.

का, ते नीट समजून घ्या, कारण सगळा बाजार या एका इंचावर उभा आहे. शिवणीच्या बाहेर जे कापड सोडतो त्याला आपण माया म्हणतो. तुकडे जोडताना ती पाव इंच धरतात. सुतार इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतो. माया अर्धा सूत जास्त गेली, तर डोळ्याला कळतही नाही. पण जोडाच्या दोन्ही बाजूंचं कापड आत जातं, म्हणजे एका जोडाला एक सूत गेलं. नऊ तुकड्यांना आठ जोड. आठ सूत म्हणजे एक इंच.

आमच्यात चौघी शिवत होत्या. कुणी फुटाच्या कडेने शिवायची, कुणी अंदाजाने. म्हणजे चार माया. यावर कटर काय करणार?

उपाय शेवटी दहा रुपयांच्या चिकटपट्टीने केला. कागदाच्या कडेपासून पाव इंचावर रेघ मारली, सुई हाताने फिरवून त्या रेघेवर टेकवली आणि कागदाच्या कडेला लागून मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टीचे सात-आठ थर चढवले. झाला बांध. कापड त्या बांधाला लावून सरकवायचं. मग परीक्षा: दोन-दोन इंचांच्या तीन पट्ट्या जोडायच्या, मधली बरोबर दीड इंच उरली पाहिजे. उरली नाही तर बांध केसभर हलवायचा. दुसरी गोष्ट, नवं सुती कापड कापण्याआधी धुवायचं. नाहीतर आज जुळलेले कोपरे पहिल्या धुण्यात रुसतात. जुन्या लुगड्याला ही भीती नसते, ते आटायचं तेवढं आधीच आटलेलं असतं.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे: यातली बहुतेक साधनं घेऊ नका. अचूकपणा म्हणजे सगळ्यांनी एकच माप धरणं आणि ते दर वेळी धरणं. ते पार्सलमधून येत नाही. पार्सलमधून येते ती भीती, आणि एका वस्तूची भीती दुसरी वस्तू विकते. जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ साली गोल पात्याचा कटर आणला. रोज थरावर थर कापणाऱ्याला तो खरंच कामाचा आहे. वर्षाला दहा वाकळी शिवणाऱ्या गटाला धार लावलेली कात्री पुरते.

आता दुसऱ्या बाजूचे लोक टाळ्या वाजवतील. "बघा, आजीला कुठे काय लागत होतं? सुई, दोरा आणि माया!" थांबा. माझी आजी जमिनीवर बसून, कंदिलाच्या उजेडात धावदोरा घालायची. तिचे गुडघे गेले, मान गेली, शेवटी सुईत दोरा आम्ही ओवून द्यायचो. त्या वेळेचा एक रुपया तिला मिळाला नाही. तिच्याकडे साधनं नव्हती यात कौतुकाचं काही नाही. ज्यांना तिच्या गरिबीचं सौंदर्य दिसतं, त्यांनी एक वाकळ बसून पुरी करावी.

माझी कसोटी वेगळी आहे. शरीर वाचवणारी वस्तू घ्या, मनात धास्ती घालणारी सोडा. ते ३,८०० रुपये पुन्हा हातात आले तर मी मशीनवर लावायचा दिवा घेईन, पाठीला टेकण असलेली खुर्ची घेईन, चांगल्या सुयांचं पाकीट घेईन. पैसे उरले तर ती पारदर्शक पट्टी. ती एकच वस्तू आम्ही आजही रोज वापरतो.

अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड ही कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तिथल्या बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून गोधड्या शिवल्या, त्यांच्या रेघा वाकड्या, चौकोन तिरपे. २००२ साली त्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लागल्या, २००६ साली त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. ज्या देशातून हे अचूकपणाचं वेड आमच्या फोनवर येतं, तिथलीच ही गोष्ट.

आमच्या दहा वाकळी गेल्या. पाहुणीने एका वाकळीचा कोपरा सूतभर हललेला दाखवला आणि 'फिनिशिंग'चे पैसे कापले. मी गप्प बसले. माय बसली नाही. म्हणाली, "ताई, तुम्ही सूत मोजलं, चांगलं केलं. आता मह्या बायांचे दिवस बी मोजा."

पुढची ऑर्डर घेताना आम्ही तेच करणार आहोत. वहीत दोन रकाने आखले आहेत: एक इंचांचा, एक दिवसांचा. इतकी वर्षं दुसरा रकाना कोरा होता. तो भरायला कुठलंही गॅजेट लागत नाही.