विमानापेक्षा स्वस्त युद्ध

एका एफ-35 लढाऊ विमानाची किंमत सुमारे 8 कोटी डॉलर आहे. रशियातील सेंट पीटर्सबर्गची 'इंटरनेट रिसर्च एजन्सी' ही प्रचाराची कचेरी ज्या मोहिमेचा भाग होती, त्या मोहिमेचा महिन्याचा खर्च सप्टेंबर 2016 मध्ये साडेबारा लाख डॉलरच्या वर होता, असे अमेरिकी सरकारच्या फेब्रुवारी 2018 च्या आरोपपत्रात म्हटले आहे. म्हणजे एका विमानाच्या पैशात ही मोहीम पाच वर्षे चालेल. रशियाचा 2016 चा लष्करी खर्च सुमारे 69 अब्ज डॉलर होता. त्या हिशेबाने लष्कराचा दोन तासांचा खर्च या मोहिमेला वर्षभर पुरतो. त्यातही सगळा पैसा अमेरिकेसाठी नव्हता. एजन्सीच्या फेसबुकवरील जाहिरातींचा खर्च तर जेमतेम 1 लाख डॉलर. तिचा मजकूर 12 कोटी 60 लाख लोकांपर्यंत पोचला असावा, हा खुद्द फेसबुकचा अंदाज.

हे शस्त्र इतके स्वस्त का पडते? कारण त्याचा दारूगोळा शत्रूच्या घरात तयारच असतो. 2014 मध्ये फर्ग्युसनला पोलिसांनी कृष्णवर्णीय तरुणाला गोळी घातली, ती काही रशियाने घातली नव्हती. रशियाने फक्त त्या संतापाचा मुखवटा चढवला. 'ब्लॅकटिव्हिस्ट' नावाच्या बनावट पानाला 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर'च्या अधिकृत पानापेक्षा जास्त पसंती मिळाली होती! 'जय भीम' लिहिले म्हणजे लिहिणारा आपलाच, असे आपण समजतो. तिथेही तेच झाले. आधी अन्यायाच्या बातम्या, अभिमानाची चित्रे, आणि निवडणूक जवळ येताच सल्ला : मतदानच करू नका. कोणत्याही समाजघटकाला कृष्णवर्णीयांइतके लक्ष्य केले गेले नाही, हा अमेरिकी सिनेटच्या समितीचा 2019 चा निष्कर्ष आहे.

बाबासाहेबांनी 1946 मध्ये डु बॉइस यांना पत्र लिहून ज्या समाजाशी आपले दुःख जोडले, ज्याच्या पँथरवरून 1972 मध्ये आमच्या पँथरने नाव घेतले, तो हा समाज. त्यामुळे हा हिशेब आम्हाला परका नाही.

कृष्णवर्णीयांचे मतदान 2012 च्या तुलनेत 2016 मध्ये सुमारे सात टक्क्यांनी घसरले. पण ते सगळे रशियाच्या खात्यावर टाकणे आम्हाला मान्य नाही. 2012 ला ओबामा उमेदवार होते, 2016 ला नव्हते. शिवाय मतदान हक्क कायद्याचा कणा 2013 मध्ये अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयाने मोडला. आणि 1964 मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांना निनावी, धमकीचे पत्र पाठवणारी एफबीआय काय मॉस्कोहून चालत होती?

या युद्धाचा खरा खर्च कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. बनावट पानांच्या हाकेवर खरी माणसे खऱ्या अन्यायाविरुद्ध रस्त्यावर उतरली. भांडे फुटल्यावर 'हे सगळे रशियाचे कारस्थान' म्हणायला प्रस्थापित मोकळे झाले, आणि पोलिसांच्या गोळीबाराचा प्रश्न विचारणाऱ्यालाच स्वतःचा खरेपणा सिद्ध करत बसावे लागले.