कपाट, दस्तुरी आणि शुद्ध हवा

"माथेरानला मोटार नाही, म्हणून तर ते माथेरान!" असं यापुढे जो कुणी माझ्यासमोर म्हणेल, त्याच्या डोक्यावर मी साडेसहा फुटी लोखंडी कपाट ठेवणार आहे. रिकामं. मी दुष्ट नाही.

हे कपाट आमच्या लग्नातलं. नाहूरला नव्या इमारतीत राहायला गेलो, तेव्हा ते लिफ्टमध्ये मावेना. मग सौभाग्यवतींनी ते माथेरानच्या भावाला देऊन टाकलं. (आमच्या घरातलं औदार्य नेहमी माहेरच्या दिशेने वाहतं.) टेम्पो नेरळहून घाट चढून दस्तुरी नाक्यावर आला आणि थांबला. मोटारीचं राज्य तिथे संपतं. बाजारपेठ पुढे अडीच-तीन किलोमीटर. १९०७ साली सुरू झालेली छोटी रेल्वे आहे, पण तिचे रूळ दोन फुटी आणि कपाट साडेसहा फुटी. तेव्हा हातगाडी.

तीन माणसं ठरवली. मी बँकेतला माणूस, पन्नास रुपयांसाठी दहा मिनिटं घासाघीस केली. ती आता आठवली की कान गरम होतात. कारण पुढे जे पाहिलं ते असं : लाल मातीचा चढ, एकजण पुढे दांडीला छाती लावून वाकलेला, दोघे मागून रेटताहेत. दम लागला की चाकामागे दगड. उतारावर उलटा खेळ, आता गाडीच माणसांना ओढत नेते. मी काय करत होतो? वाटेत दार उघडू नये म्हणून कपाटाला कुलूप लावलं होतं, त्याची किल्ली धरून चाललो होतो.

"अहो, निदान मागून हात तरी लावा!" सौ. म्हणाली. मी हात लावला. गाडीला त्याचा पत्ता लागला नाही.

एवढ्यात एक टोपीवाले गृहस्थ थांबले, हातगाडीचा फोटो काढला आणि म्हणाले, "वा! काय शांतता आहे! मोटार आली की संपलं सगळं."

माझा वाद त्या टोपीशी आहे. माथेरानची झाडं राहावीत, धूर नसावा, कबूल. २००३ पासून तो पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील प्रदेश आहे, आणि असावाच. पण मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमा एकाच्या खात्यात आणि नावे दुसऱ्याच्या, असा हिशेब मला खपत नाही. शुद्ध हवा जमा टोपीवाल्यांच्या छातीत, आणि नावे कुणाच्या? दांडीला लावलेल्या छातीच्या!

"पण त्यांचा रोजगार जाईल हो!" हे टोपीचं दुसरं वाक्य. आमच्या बँकेत संगणक आले, तेव्हा आधीच्या पिढीने रोजगारासाठी मोर्चे काढले. पण जाडजूड खतावण्या उचलणारे कारकून पर्यटकांना बघायला बरे वाटतात, म्हणून संगणक नको, असं कुणी म्हणालं नाही. बिनधुराची, बिनआवाजाची गाडी आहे ना? डिसेंबर २०२२ मध्ये इथे ई-रिक्षा प्रयोग म्हणून धावल्या, झाडं पडली नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणूस ओढण्याच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या, आणि ई-रिक्षा त्या ओढणाऱ्यांनाच द्याव्यात असं सुचवलं. मग माणसाने कपाट ओढणं तेवढं निसर्गरम्य कसं? सामानाचीही तशीच गाडी आणा, आणि तिचं सुकाणू याच तिघांच्या हातात द्या. टोपीवाल्यांनी फोटो तिचा काढावा.

दुकानामागच्या खोलीत कपाट एकदाचं उभं राहिलं. घासाघीस केलेले पन्नास मी मुकाट्याने परत दिले. पुढच्याने ते मोजले, घाम पुसला आणि विचारलं, "आत काय होतं हो साहेब, एवढं जड?"

"काही नाही," मी म्हणालो.

रात्री नाहूरला पोचलो तर फोन. "दाजी, कपाट छान बसलं. पण किल्ली कुठंय?"

मी खिशात हात घातला.