दोष घराला, उपचार घराबाहेर

स्किझोफ्रेनिया झालेल्या मुलाला घेऊन आई रुग्णालयात जाते, तेव्हा पुष्कळदा तिला दाराबाहेरच्या बाकावर बसविले जाते. आत पाच मिनिटांत चिठ्ठी लिहून होते. ‘गोळ्या चुकवू नका’ एवढे बजावले जाते आणि पुढचा महिनाभर त्या मुलाला सांभाळण्याचे सारे काम त्याच बाईवर सोपविले जाते. जिच्यावर उपचारांची सर्वांत मोठी भिस्त, तिलाच उपचारांतून वगळावयाचे, हा कोणता न्याय? तज्ज्ञ थोडे आणि रुग्णांची रांग मोठी, हे मान्य. पण अडचण निराळी आणि सबब निराळी.

या वगळण्याला इतिहास आहे. १९४८ साली अमेरिकेत स्थायिक झालेल्या फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मनोविश्लेषक विदुषीने ‘स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई’ अशी संज्ञा वापरली आणि पुढे कित्येक वर्षे आधीच खचलेल्या मातांच्या माथी हे पातक मारले गेले. ते संशोधनाच्या कसोटीला उतरले नाही. आनुवंशिकता आणि मेंदूतील बिघाड यांचा या आजारात मोठा वाटा आहे, हे आज सिद्ध झाले आहे. आपल्या वाड्यांतून मात्र ती संज्ञा ठाऊक नसतानाही तोच निवाडा चालू असतो: आईने लाडावून ठेवला, बापाने फार मारले, नाहीतर घराला कुणाची तरी बाधा आहे. मग बहिणीचे लग्न मोडू नये म्हणून भाऊ आतल्या खोलीत जातो, आणि शेजारी विचारले तर ‘तो मामाकडे असतो.’

घर आजार आणीत नाही. पण आजार उलटतो की आटोक्यात राहतो, यात घराच्या वागण्याचा हात असतो. या दोन गोष्टींची गल्लत करणाऱ्यांनी लंडनचे काम पाहावे. जॉर्ज ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातून घरी परतलेल्या १०१ रुग्णांचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध केला. ज्या घरांत रुग्णावर सतत टीका, तिटकारा किंवा गुदमरवून टाकणारी काळजी होती, तेथे नऊ महिन्यांत ५८ टक्के रुग्णांचा आजार उलटला. इतर घरांत हे प्रमाण १६ टक्के होते. ही टीका कशावर होते? ‘दिवसभर लोळतो, आंघोळ करीत नाही, कमावीत नाही’ यावर. तो आळस नव्हे, ते आजाराचेच लक्षण आहे. पण हे त्या बापाला सांगितले कुणी? कुणी सांगितलेच नाही, तर तो ओरडणारच. म्हणूनच ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत औषधांच्या जोडीला रुग्णासाठी किमान १६ बैठकांचा मानसोपचार आणि कुटुंबासाठी किमान १० बैठका सांगितल्या आहेत. औषधे सोडून नुसत्या संभाषणाने हा आजार बरा करू म्हणणारे जितके चुकतात, तितकेच नुसत्या गोळीवर विसंबणारेही चुकतात.

हे परदेशी थेर आहे असे कुणी म्हणू नये. लंडनचे आकडे येण्यापूर्वीच, १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात राहुट्या ठोकून नातेवाइकांना रुग्णांजवळ राहविले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रातही नातेवाइकाने सोबत राहावे, हाच शिरस्ता पडला. जे अमृतसरला राहुट्यांत जमले, ते सिमेंटच्या इमारतीत का जमू नये?

आता आपल्याविषयी. ‘गोळ्या बंद करा, विश्वास ठेवा’ असे सांगणाऱ्या प्रार्थनासभांना आपली माणसे रुग्णाला नेतात. प्रार्थनेला कुणाचीच हरकत नाही. औषध तोडण्याला आहे. बेल्जियममधील गील गावी संत डिंफनेच्या देवळात मध्ययुगापासून मनोरुग्ण भूतबाधा निघावी म्हणून येत. देवळालगतची जागा अपुरी पडू लागली, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरांत ठेवून घेतले. तेथे ते शेतावर कामाला जात, कुटुंबाच्याच पंगतीला जेवत. एकोणिसाव्या शतकात या व्यवस्थेला वैद्यकीय देखरेख आली, तेव्हा गावाने डॉक्टरांना हाकलले नाही. १९३० च्या दशकात असे पाहुणे साडेतीन हजारांहून अधिक होते. संख्या घटली, पण ही रीत आजही चालू आहे. परक्याच्या वेड्या मुलाला गीलचा शेतकरी घरात घेतो आणि आपण स्वतःच्या मुलाला मामाकडे पाठवितो!

तेव्हा डॉक्टरांकडे मागणे मागावयाचे ते हे, की रुग्णाची संमती घेऊन आम्हांला आत बोलवा. आजार उलटण्याची पहिली चिन्हे कोणती, गोळ्यांनी अंग थरथरले तर काय करावे, कानांत आवाज येतात असे तो म्हणाला तर वाद घालावा की ऐकून घ्यावे, हे शिकवा. आणि धर्मग्रामाकडे मागणे असे, की लग्नाच्या तयारीचे वर्ग ज्या सभागृहात भरतात, ते महिन्यातून एका सायंकाळी या कुटुंबांना द्या. दार लोटून घ्यावयाचे की उघडे ठेवावयाचे, ते त्यांचे त्यांना ठरवू द्या.