रावळगावची गोळी आणि राजुऱ्याचा फाटा

ललित गद्याच्या तासाला ‘हरवलेली चव’ असा विषय दिला की वह्यांतून काय येणार, हे आम्हांला आता आधीच ठाऊक असते. रावळगावची गोळी येते, पॉपिन्सची रंगीत नळी येते, किसमी येते, काचेच्या बरणीतले पिवळे बॉबी येतात, प्लॅस्टिकच्या नळीत गोठवलेली ‘पेप्सी’ येते आणि शेवटी पार्ले-जीच्या वेष्टनावरचे ते मूल येते. मग रस्त्याकडेची एखादी टपरी, तिचा तिरसट पण मनाने मोठा मालक, आणि ‘आता ते दिवस राहिले नाहीत’ हे वाक्य. लिहिणारा राजुऱ्याचा असो, वरोऱ्याचा असो की पुण्याचा, निबंध एकच. मुरलेल्या लेखकांचे दिवाळी अंकांतील स्मरणलेखही पुष्कळदा याहून फार वेगळे नसतात. या एकसारखेपणाविषयी थोडे बोलावे, असे बरेच दिवस मनात होते.

आधी आमची कबुली. या गोष्टींवर नाक मुरडण्याचा अधिकार आम्हांला नाही. बल्लारपूरहून राजुऱ्याकडे येताना वर्धा नदी लागते. तिच्यावरचा पूल मोठ्या पुरात पाण्याखाली जातो. जुलै २०२२ च्या पुरातही हा मार्ग बंद पडला होता. आमच्या लहानपणी पावसाळ्यात एसटी नदीच्या अलीकडे किंवा पलीकडे अडकून पडणे ही नित्याची गोष्ट होती. पाणी उतरेपर्यंत करायचे काय, तर फाट्यावरच्या टपरीत बसायचे. आलूबोंडा आणि त्यावर ओतलेली तर्री, मिरचीचे भजे, साखर जास्त झालेला चहा, आणि फारच हट्ट केला तर बरणीतली एक गोळी. त्या गोळीचा कागद आम्ही पुस्तकात जपून ठेवीत असू. तेव्हा स्मरणरंजनाचा हा रोग आम्हांलाही आहे. त्याचे निदान आम्ही आतून करीत आहोत, एवढेच.

आता प्रश्न असा की, या आठवणीत राजुरा नेमका कोठे आहे?

राजुऱ्याचा इतिहास चंद्रपूरच्या इतर तालुक्यांसारखा नाही. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी धावली, तेव्हा राजुरा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाची रस्ता वाहतूक १९३२ पासूनच सुरू झालेली होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून निघून नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. म्हणजे येथील वडीलधाऱ्यांच्या पिढीने घर न बदलता तीन जिल्हे आणि तीन राज्ये पाहिली. लक्कडकोटच्या पुढे आसिफाबाद. कानावर मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि दख्खनी हिंदी एकाच बाकावर पडतात. अशा ठिकाणची टपरी ही पुणे-मुंबई रस्त्यावरच्या टपरीसारखी असूच शकत नाही. चहा कसा उकळायचा, भज्यात मिरची कोणती घालायची, गिऱ्हाइकाला कोणत्या भाषेत हाक मारायची, या साऱ्यांत ही सरमिसळ उतरलेली असते. आमच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत यातले काहीही येत नाही. पॉपिन्स येते.

हे असे का होते, याचे एक कारण वस्तूतच आहे. वेष्टनातली वस्तू सर्वत्र तीच असते. तिचा धर्मच तो. एका कारखान्यात भाजलेले बिस्किट आणि इतरत्र भाजलेले बिस्किट यांत फरक पडू नये, यासाठी सारी यंत्रणा राबत असते. साहजिकच तिच्याभोवती गुंफलेली आठवणही सर्वत्र तीच निघते. तिच्यात स्थळ भरायचे तर ते लेखकाने बाहेरून आणायला हवे. लेखक ते आणीत नाही, कारण ओळखीची खूण सांगताच वाचक ‘अगदी, अगदी’ म्हणतो आणि लेखकाला वाटते की काम झाले. ‘अगदी, अगदी’ हा वाचकाचा उद्गार आम्हांला अलीकडे धोक्याचा वाटू लागला आहे. वाचकाला ठाऊक नसलेले काहीच लेखकाने सांगितले नाही, एवढाच त्याचा अर्थ पुष्कळदा असतो.

दुसरे असे की, हा पुडा राजुऱ्याकडच्या सगळ्यांच्या लहानपणी सारखाच नव्हता. कोळसा खाणीत किंवा सिमेंट कारखान्यात पगारी नोकरी असलेल्या घरी बिस्किट चहासोबतचे होते. शेतमजुराच्या घरी ते आजारपणाचे होते; बिस्किटाचा पुडा घेऊन कोणी निघाले की दवाखान्यात कोणाला तरी ठेवले आहे, असे शेजारी समजत. जिवतीच्या डोंगरावरील कोलामांच्या गुड्यांत तर तो पाहुणा म्हणूनच येई. तेथील मुलांची चव वेगळी: उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफुले, नंतर टेंभरे, चाराची फळे, हिवाळ्यात बोरे. या रानमेव्यावर नाव छापलेले नसते, जाहिरात नसते, म्हणून त्याचा ‘ब्रँड’ बंद पडल्याची बातमीही होत नाही. जंगल तुटते, खाण पुढे सरकते, टेंभुर्णीचे झाड जाते. त्याच्यावर मृत्युलेख कोणी लिहीत नाही. स्मरणरंजनालाही वर्ग असतो, तो असा. ज्याच्या खाऊला कागद होता, त्याच्या आठवणीला साहित्यात जागा सहज मिळाली.

तिसरी गोष्ट बाजाराची. विलेपार्ल्यातील पार्लेचा मूळ कारखाना १९२९ चा. तेथील उत्पादन २०१६ मध्ये थांबले, तेव्हा किती हळहळ व्यक्त झाली हे अनेकांना आठवत असेल. ही हळहळ कंपन्यांनाही ऐकू येते. बंद झालेली रोला-कोला गोळी २०१९ मध्ये परत आली. कँपा कोला २०२३ मध्ये नव्या मालकाच्या हाती पुन्हा बाजारात उतरले. १९३३ साली वालचंद हिराचंदांनी नाशिक जिल्ह्यात उभारलेल्या रावळगावच्या उद्योगाची गोळ्यांची नाममुद्रा व पाककृती २०२४ मध्ये रिलायन्सच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना घेतल्या. यात बेकायदा किंवा लबाडीचे काही नाही. मात्र २७ कोटी हे साखरेचे मोल नव्हे, यंत्रांचेही नव्हे; त्यात आपल्या आठवणींची किंमत धरलेली आहे. ज्या विद्यार्थ्याने पान पसंद कधी चाखलीही नाही, तो तिच्यावर व्याकूळ होऊन लिहितो, तेव्हा ती व्याकूळता त्याची स्वतःची आहे की त्याला तयार मिळालेली आहे, हे त्याला विचारणे शिक्षक म्हणून आमचे काम ठरते.

आणि आता टपरीकडे वळू. कारण सर्वांत जास्त झाकपाक तेथेच होते.

आमच्या फाट्यावरच्या त्या टपरीत पेले विसळणारा एक मुलगा होता. आमच्याच वयाचा. आम्ही एसटीतून उतरून गोळीचा हट्ट करीत होतो, तेव्हा तो गुडघ्यांवर बसून बादलीत पेले बुचकळीत होता. मालक त्याला ‘पोऱ्या’ म्हणे, आम्हीही तेच म्हणत असू. चौदा वर्षांखालील मुलांना ढाबे, चहाची दुकाने, खाणावळी येथे कामाला ठेवण्यावर बंदी आली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. त्याआधीच्या प्रत्येक ‘गमतीदार जुन्या’ टपरीच्या आठवणीत असा एक मुलगा असणारच. आणि बंदीनंतर तो सगळीकडून लगेच नाहीसा झाला, असेही नाही. तरीही स्मरणलेखांत मालकाच्या मिशा येतात, रेडिओ येतो, भिंतीवरचे कॅलेंडर येते आणि हा मुलगा येत नाही. आम्हांला त्या गोळीच्या कागदाचा रंग अजून सांगता येईल. त्या मुलाचे नाव आम्ही कधी विचारलेच नाही.

वेष्टनातल्या वस्तूंचाच विषय काढायचा तर आमच्या भागाची खरी स्थानिक वस्तू बिस्किट नव्हे, गोळीही नव्हे. ती खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटून प्लॅस्टिकच्या पन्नीत बांधलेला खर्रा चंद्रपूर-गडचिरोलीच्या टपरीवर ज्या सहजतेने हातात पडतो, त्या सहजतेने दुसरे काही पडत नाही. पन्नीत तो घोटण्याचा आवाज ही या टपऱ्यांची खरी पार्श्वध्वनी. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’सारखे अभियान दारू-तंबाखूविरुद्ध काम करीत आले, तरी पन्नी गेलेली नाही. आमच्या परिसरात तोंड पुरते न उघडणारी माणसे दिसतात. त्यांतली काही आमच्या वर्गातलीही होती. या वस्तूवर हळवा लेख लिहिता येत नाही, हे आम्ही समजू शकतो. पण तिला वगळून आमच्या भागातल्या टपरीवर लिहिणे म्हणजे नदी वगळून पुलावर लिहिण्यासारखे आहे.

येथे कोणी म्हणेल, आठवणीतल्या एका गोळीवर एवढा समाजशास्त्रीय भार कशाला? माणसाने निर्मळ आनंदाने काही आठवू नये काय? आक्षेप रास्त आहे, आणि त्याला उत्तर म्हणून आम्ही मराठीतीलच लेखनाकडे बोट दाखवू. पु. ल. देशपांड्यांचे ‘माझे खाद्यजीवन’ वाचताना कोणी त्यात सामाजिक विश्लेषण शोधत नाही. तरीही तो लेख टिकला, कारण तेथे पदार्थाला त्याचे गाव, त्याची माणसे, त्याची बोली चिकटलेली आहे. दुर्गा भागवतांच्या ‘खमंग’मध्ये रुचीबरोबर लोकसंस्कृतीचा अभ्यास येतो आणि रुची कमी होत नाही. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकाने तर मराठवाड्यातील दलितांच्या ताटाला ग्रंथात जागा दिली, आणि आपल्या ‘खाद्यसंस्कृती’ या शब्दात तोवर किती ताटे मोजलीच नव्हती, हे दाखवून दिले. आनंद आणि सत्य यांचे वैर या तिघांच्याही लेखनात दिसत नाही. वैर आहे ते आळसाशी. ‘आठवतंय का?’ एवढे विचारून थांबणारा लेखक आठवणीचे कष्ट करीत नाही. तो फक्त यादी वाचून दाखवितो.

आज त्या बाजूचे रस्ते रुंद होत आहेत. रुंदीकरणात प्रथम जाते ती टपरी. तिचा सात-बारा नसतो, म्हणून तिला मोबदलाही नसतो. जिथे एसटी हटकून थांबे, तिथून आता वाहने न थांबता जातात. टपरीवाला कोठे जातो, त्याची कढई कोण घेतो, फाट्याचे नाव टिकते की नुसता किलोमीटरचा दगड उरतो, हे लिहून ठेवण्यासारखे आहे, आणि ते राजुऱ्याच्या मुलांनीच लिहायला हवे. पुण्याच्या निबंधात ते येणार नाही.

म्हणून या वर्षी आम्ही विषय बदलला आहे. ‘हरवलेली चव’ असे न म्हणता विद्यार्थ्यांना एवढेच सांगितले आहे: तुमच्या गावाच्या फाट्यावर जा, तासभर बसा, तेथे काय विकले जाते, कोण विकते, कोण खाते, कोण नुसते पाहते आणि कोण पेले विसळते, ते लिहा. गोळी आठवली तर तीही लिहा, तिला मनाई नाही. फक्त पेले विसळणाऱ्याचे नाव विचारल्याशिवाय परत येऊ नका. वह्या अजून यायच्या आहेत. त्या सोबतच आमचाही एक निबंध लिहायचा राहिला आहे, आणि त्यात एका नावाची जागा कोरी सोडावी लागणार, हे आम्हांला ठाऊक आहे.