रॅम महागली, पण खरा प्रश्न यंत्राच्या मालकीचा आहे

'गेमिंगसारख्या चैनीच्या विषयात आंबेडकरी तरुणांनी कशाला पडायचं?' असं चळवळीतले ज्येष्ठ आम्हाला विचारतात. उत्तर सरळ आहे. गेमिंग हा आज जगभरात सिनेमाच्या तिकीटबारीपेक्षा मोठा धंदा आहे. त्यात पैसा आहे, नोकऱ्या आहेत आणि कुणाची गोष्ट सांगायची हे ठरवण्याची सत्ताही आहे. जनरेटिव्ह एआयने ज्या कामांना सुरुवातीलाच हात घातला, त्यात गेम बनवण्याचं काम आहे. ही वाटणी चालू असताना आपण तिथे नसलो, तर आपल्या वाट्याला काय येतं हे आपल्याला इतिहासाने शिकवलं आहे.

आम्ही लोणी काळभोरची पोरं. आमच्यात कुणाचाही पीसी एका दमात आलेला नाही. आधी जुना प्रोसेसर, मग कुणाचं तरी वापरलेलं ग्राफिक्स कार्ड, मग रॅम. २०२५ च्या अखेरीस हा हिशेब कोलमडला. रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्याही वर गेले. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी विकण्यात त्यांना जास्त नफा दिसतो. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर सामान्य ग्राहकांसाठीचा 'क्रुशियल' ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर करून टाकलं.

श्रीमंताच्या पोरासाठी पीसी हे खेळणं असेल. वस्तीतल्या पोरासाठी ती शाळाही आहे. ज्या पीसीवर आम्ही खेळतो, त्यावरच ब्लेंडर आणि युनिटी शिकतो. आमच्या गावातच राजबागेत खासगी विद्यापीठ आहे, तिथे गेम डिझाइन शिकवतात. पण अशा शिक्षणाची फी लाखांच्या घरात जाते. ज्याला ते दार उघडत नाही, त्याच्यासाठी घरचा पीसी हेच विद्यापीठ. म्हणून रॅमची महागाई ही आमच्यासाठी शिक्षणाची महागाई आहे.

जगभरचे गेमर एआयवर चिडलेत, आणि ते योग्यच आहे. गेममध्ये एआय वापरलं असेल तर तसं सांगायला स्टीमने जानेवारी २०२४ पासून लावलं. डिसेंबर २०२५ मध्ये 'क्लेअर ऑब्स्क्योर' या गाजलेल्या गेमला दिलेले पुरस्कार इंडी गेम अवॉर्ड्सने परत घेतले, कारण तो बनवताना एआय वापरलं होतं. पण ही चर्चा बहुतेक वेळा 'कला अस्सल की नक्कल' इथेच थांबते. आम्हाला तिथे थांबणं परवडत नाही.

बाबासाहेबांनी यंत्राला कधी शत्रू मानलं नाही. गांधीवादावर टीका करताना १९४५ साली त्यांनी स्पष्ट मांडलं की दोष यंत्राचा नाही, त्याचे फायदे मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेचा आहे. यंत्र मोडायचं नाही, रचना बदलायची. आणि १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांसमोर त्यांनी दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. एआयच्या यंत्रात आज हे दोन्ही एकत्र बसलेले दिसतात.

भांडवलशाही तर उघड आहे. ब्राह्मणशाही कुठे आहे? ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू'ने ओपनएआयच्या मॉडेलांची जातीबाबत तपासणी छापली. रिकाम्या जागा भरायला दिलेल्या बहुसंख्य वाक्यांत जीपीटी-५ ने जातीचे ठरलेले साचेच निवडले. दलित माणसाच्या कामाचं चित्र मागितलं तर सोराने मळक्या कपड्यांतली, हातात झाडू असलेली माणसं दाखवली. असलं यंत्र उद्या गेममधली पात्रं रंगवणार असेल, तर पुजारी कोण आणि झाडूवाला कोण हे त्याने आधीच ठरवून ठेवलेलं असेल.

आता नोकऱ्यांचं बघू. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणजे विटाळ होईल, ही सबब. चांगला पगार मात्र त्याच खात्यात होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना याचा जाब विचारला. आजच्या गेम स्टुडिओत विटाळाची भाषा कुणी करत नाही. तिथे इंग्रजी, ओळखी आणि महागडी पदवी हे काम करतात. टेस्टिंग, भाषांतर, प्राथमिक चित्रं ही त्यातल्या त्यात खालची पायरी, जिथून बिनओळखीचं पोर आत शिरू शकतं. एआयची कुऱ्हाड नेमकी त्याच पायरीवर पडते आहे.

काही मित्र म्हणतात, 'एआयमुळे तर गरीब पोरगाही एकटा गेम बनवेल.' यात तथ्य आहे. कोड समजून घ्यायला एआय जरूर वापरा, आम्हीही वापरतो. पण ते यंत्र आपल्याला भाड्याने मिळतं. भाडं, नियम आणि त्यातला पूर्वग्रह मालक ठरवतो. भाडेकरू हुशार झाला म्हणून घर त्याचं होत नाही.

मग करायचं काय? सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी ३,२६८ कोटींचं धोरण मंजूर केलं. हा जनतेचा पैसा आहे. ज्या स्टुडिओला आणि संस्थेला त्यातून सवलत मिळेल, तिथे आपलं प्रतिनिधित्व किती, याचा हिशेब मागितला पाहिजे. प्रशिक्षणाच्या जागांत आरक्षण आणि शिष्यवृत्ती मागितली पाहिजे. प्रत्येक तालुक्यात ज्या अभ्यासिका आपण चालवतो, तिथे स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी वर्गणीतून एक बरा पीसी ठेवता येईल.

आणि संघटना. अमेरिकेतल्या गेम कलाकारांनी जुलै २०२४ मध्ये एआयविरोधात संप पुकारला, तो जवळपास अकरा महिने चालला. परवानगीशिवाय आवाजाची आणि शरीराची डिजिटल नक्कल करता येणार नाही, हे त्यांनी करारात लिहून घेतलं. कंपन्यांनी हे दयेपोटी दिलेलं नाही.

शेवटी गोष्टीचा प्रश्न. पुण्यातल्याच स्टुडिओने २०२० साली 'राजी' बनवला, त्यात देवदेवता आहेत, पुराण आहे. त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. २० मार्च २०२७ ला महाडच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतील. चवदार तळ्यापर्यंत चालत जाणाऱ्या माणसांचा गेम कोण बनवणार? यंत्राला सांगितलं तर ते आपल्याला पुन्हा झाडूच देईल. तो आपल्यालाच बनवावा लागेल, आपल्या हाताने, लहान का असेना. ज्यांना चित्र, कोड, आवाज, लेखन यातलं काहीही येतं, त्यांनी आपल्या वस्तीतल्या दोघा-चौघांना घेऊन आजच बसावं.

जय भीम!