दलालाचा नफा आणि मोंबासाची मोटार

नैरोबीत हिशेबनीसाचे काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने परवा दूरध्वनी करून विचारले, "सर, जपानहून थेट मोटार मागवू, की इथल्या विक्रेत्याकडून घेऊ? मधल्यामध्ये तो फार खातो." मोटार म्हणजे सात वर्षे वापरलेली, पंधराशे सीसीची टोयोटा; तीत त्याची चार वर्षांची शिल्लक जाणार. आपल्या चळवळीत 'दलाल' हा शब्द शिवीसारखाच वापरला जात आला असल्यामुळे त्याला माझ्याकडून कोणत्या उत्तराची अपेक्षा होती हे उघड आहे. ते उत्तर मला देता आले नाही.

जपानी माणूस चांगली चालती मोटार का काढून टाकतो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. तेथे नव्या मोटारीची सक्तीची तपासणी तीन वर्षांनी व पुढे दर दोन वर्षांनी होते. ती खर्चिक असते, आणि तेरा वर्षे उलटली की वाहनाच्या वजनावरील कर वाढतो. उजवीकडे स्टिअरिंग असलेली ही वाहने मग केनियासारख्या देशांना नेमकी उपयोगी पडतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या 2020 च्या अहवालानुसार 2015 ते 2018 या काळात युरोप, अमेरिका व जपान येथून 1 कोटी 40 लाख जुनी हलकी वाहने बाहेर गेली. त्यांतील सुमारे 80 टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत पोचली. श्रीमंतांची अडगळ गरिबांची चैन होते, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण नैरोबीच्या रस्त्याकडेला उन्हात बसून या गाड्या दुरुस्त करणाऱ्या कारागिरांचे पोटही त्याच अडगळीवर चालते.

आता हिशेब. केनियाचे महसूल प्राधिकरण करासाठी खरेदीच्या पावतीवरील किंमत धरीत नाही. आपल्या किंमतसूचीतून वयानुसार घसारा वजा करून ते मूल्य ठरविते. त्यावर आयातशुल्क, शुल्कासह होणाऱ्या रकमेवर अबकारी कर आणि त्या साऱ्यावर 16 टक्के मूल्यवर्धित कर. म्हणजे योकोहामात कितीही घासाघीस केली तरी कराचा एक शिलिंग वाचत नाही. विक्रेत्यालाही हाच कर भरावा लागतो. उरतो फक्त त्याचा नफा, आणि त्या नफ्यात काय काय दडले आहे हे आपण सहसा पाहात नाही. जहाज समुद्रात असताना अडकलेले भांडवल. बंदरात कागद रखडले तर दिवसागणिक चढणारे भाडे. शिवाय पहिल्या नोंदणीपासून आठ वर्षांहून जुनी मोटार केनियात येऊ शकत नाही. डिसेंबरात निघालेले जहाज जानेवारीत मोंबासाला लागले, तर काठावरची मोटार कायद्याने एका रात्रीत म्हातारी होते! विक्रेत्याच्या पन्नास गाड्यांत अशी एक निघाली तर तो सोसतो. माझ्या विद्यार्थ्याची एकच गाडी आहे.

तेव्हा दलालाचा सगळा नफा लूट नसतो. त्यातील काही भाग जोखमीचे मोल असते. मात्र उरलेला भाग लूट असतो, आणि ती अज्ञानावर पोसली जाते. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन दाखविले की, विकणाऱ्याला माहीत असलेला दोष घेणाऱ्याला माहीत नसेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावतो. जपानच्या लिलावात प्रत्येक मोटारीला गुणपत्रक मिळते: किती किलोमीटर धावली, कोठे ठोकर बसली, अपघातानंतर दुरुस्त झाली काय. हा कागद जपानात तयार होतो. नैरोबीच्या दुकानात मात्र तो क्वचितच गिऱ्हाइकाच्या हाती पडतो, आणि किलोमीटरचा आकडा वाटेत मागे फिरविलेला असला तरी कोणाला कळत नाही.

(आपल्याकडे हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही. तीन वर्षांहून जुनी मोटार आणता येत नाही, आणि आणली तर किमतीहून अधिक शुल्क पडते. एका मोटारीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेल्या माझ्या पिढीला त्या संरक्षणाची दुसरी बाजूही ठाऊक आहे.)

म्हणून माझे म्हणणे असे की, मागणी करायची ती दलाल हटविण्याची नव्हे. लिलावाचे गुणपत्रक व जहाजात चढविण्यापूर्वीच्या तपासणीचा दाखला गिऱ्हाइकाला दाखविल्याशिवाय विक्री होऊ नये, या कायद्याची. आणि ज्याला थेट मागवायचेच आहे त्याने एकट्याने मागवू नये. केनियात पगारदारांच्या सहकारी पतसंस्था बळकट आहेत. मोटारीला कर्ज देणाऱ्या संस्थेने सभासदांच्या वीस गाड्या एकत्र का मागवू नयेत? विक्रेता ज्या बळावर जोखीम पेलतो, तेच बळ वीस जणांना एकत्र येऊन मिळते. साखर कारखाना काढणाऱ्या शेतकऱ्यांना हे समजावून सांगावे लागले नव्हते.

विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले की, आधी विक्रेत्याकडे लिलावाचे गुणपत्रक माग, आणि दिले तर त्याचा नफा कुरकुर न करता दे. त्याने मागितले आहे. तीन आठवडे झाले. कागद अजून हाती आलेला नाही.