उशीला तिथे काय म्हणतात?

सुटीनंतर भेटणारी प्रत्येक भगिनी विचारते, "बाजी, अमेरिकेचं कधी लिहिणार?" आज लिहिते. पण अख्ख्या अमेरिकेचं नाही. एका शहराचं, आणि त्यातही हॉटेलातल्या एका खोलीचं.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात नोकरी करतो. मे महिन्यात मी, हे आणि आमची नववीतली लेक त्याच्याकडे गेलो. तो मित्रांबरोबर एका लहान घरात राहतो, म्हणून त्याने शहराच्या मध्यभागी, नदीकाठच्या एका मोठ्या हॉटेलात आमची तीन रात्रींची सोय केली. भाडं किती, हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण कर वेगळा, पार्किंग वेगळं आणि वर कार्डावर अनामत, एवढं काउंटरवर ऐकूनच यांचा चेहरा उतरला.

ऊन आपल्याकडच्यासारखंच. मात्र नदीकाठी उतरलं की गारवा. तिथे नदी रस्त्याच्या एक मजला खालून वाहते; काठाने सायप्रसची उंच झाडं, पायवाटा, कमानी पूल. १९२१ च्या महापुरात या शहरात पन्नासच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर पुराचा बंदोबस्त झाला आणि रॉबर्ट ह्यूगमन या वास्तुविशारदाने १९२९ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून पुढे हा नदीकाठ सजला. १८३६ पर्यंत हा मुलूख मेक्सिकोचा, त्याआधी स्पेनचा. आजही शहरातल्या निम्म्याहून जास्त लोकांची मुळं मेक्सिको आणि लॅटिन अमेरिकेतली आहेत. रस्त्यावर, दुकानात, लिफ्टमध्ये स्पॅनिश कानावर पडत राहते.

खाण्याचं एक सांगून ठेवते. मक्याची टॉर्टिया म्हणजे आपल्या भाकरीची बहीणच. पण सोबतच्या घोटलेल्या राजम्यात पुष्कळदा डुकराची चरबी असते. तिला तिथे 'मांतेका' म्हणतात. विचारल्याशिवाय ताटात घेऊ नका.

पहिल्या रात्री एक उशी कमी पडली. खोल्या आवरणारी बाई साधारण माझ्याच वयाची. तिला इंग्रजी बेताचं, मला स्पॅनिश शून्य. मी गालाखाली हात ठेवून दाखवलं. ती हसली, म्हणाली, "आल्मोआदा!" मी चमकले. हे 'आल' ओळखीचं होतं. भाच्याने मोबाइलवर शोधून दिलं: मूळ शब्द अरबी 'अल-मिखद्दा', 'खद' म्हणजे गाल. उर्दूत आपण चेहऱ्याला 'खद्दो-खाल' म्हणतो, त्यातला खद! जे गालाखाली घ्यायचं ते मिखद्दा. स्पेनमध्ये जवळजवळ आठशे वर्षं मुसलमानांची राज्यं होती. ती गेली, पण असे शेकडो शब्द राहिले. नाश्त्याच्या टेबलावरचं 'नारांखा' म्हणजे नारिंग, 'आसुकार' म्हणजे साखर. हे दोन तर आपल्या हिंदुस्थानातून निघून अरबांच्या हातून तिथे पोहोचलेले.

दुसऱ्या दिवशी जुना पाट पाहिला. स्पॅनिश धर्मगुरूंनी १७४० च्या दशकात ओढ्यावर दगडी कमान बांधून त्यावरून शेताचं पाणी नेलं. ते आजही वाहतं. अशा पाटाला 'आसेकिया' म्हणतात, म्हणजे अरबी 'अस-साकिया'. पाणी पाजणारा तो साकी आणि पाणी नेणारी ती साकिया. उर्दूच्या तासाला सांगायला केवढं तरी मिळालं!

पण खरा धडा खोलीतच झाला. तिथल्या न्हाणीघरात फरशीला मोरी नसते, हे ध्यानात न घेता मी वुजूसाठी पाय धुतले आणि पाणी थेट गालिच्यापर्यंत गेलं. सकाळी मी टॉवेलने फरशी पुसत होते, पलंगही आवरला होता. लेक पलंगावर लोळत म्हणाली, "अम्मी, राहू दे ना. याचेच तर पैसे दिलेत. ती बाई करेल."

मी काही बोलले नाही. बोलायला तोंडच नव्हतं.

माझी अम्मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आया होती. दुसऱ्यांच्या चादरी, दुसऱ्यांच्या फरश्या. त्या पगारावर माझं बीएड झालं. आणि त्याच बीएडच्या प्रवेश अर्जावर आईच्या व्यवसायापुढे मी लिहिलं होतं, 'गृहिणी'. अम्मीने तो अर्ज वाचला होता. ती एवढंच म्हणाली, "अक्षर छान आलंय." आज ती नाही. माफी मागायची राहूनच गेली.

लेकीला नानी आठवते ती अंगणात मोगऱ्याला पाणी घालणारी. त्या रात्री नदीकाठी बसून मी तिला सगळं सांगितलं, अर्जासकट. ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग एकच प्रश्न: "नानीने खरंच काहीच म्हटलं नाही?"

निघायच्या सकाळी तिने ओले टॉवेल एकत्र करून ठेवले. तिथे आवरणाऱ्यांसाठी खोलीत बक्षिशी ठेवायची रीत आहे. रोज वेगळी व्यक्ती येऊ शकते, म्हणून रोजची रोज आणि चिठ्ठीसोबत ठेवावी. चिठ्ठी लेकीनेच लिहिली: 'ग्रासियास'. बाहेर पडताना ती बाई भेटली. पुन्हा या, असं काहीसं खुणेने म्हणाली आणि पुढे जोडलं, "ओखाला!" याला मोबाइल लागला नाही. आतला अल्लाह ऐकू आला. त्याची मर्जी असो, असाच त्या शब्दाचा मूळ अर्थ.

जूनमध्ये शाळेत प्रवेशाचे अर्ज आले. एका मुलीने सगळे रकाने भरले होते, आईच्या व्यवसायाचा तेवढा कोरा. मी अर्ज बाजूला ठेवला नाही आणि रागावलेही नाही. तिला शेजारच्या खुर्चीवर बसवलं, पेन हातात दिलं आणि म्हटलं, "घाई नाही, बेटा. मी थांबते."